अंध व्यक्तीला बँक एकट्याच्या नावाने खातं आणि चेकबुक नाकारू शकते का?

नाही. तुम्ही लिहिलंय, पगाराचं खातं काढायला गेलात तर ‘वडिलांना जोडीला घ्या, एटीएम आणि चेकबुक मिळणार नाही’ असं सांगितलं. असा कुठलाही नियम नाही.

रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८च्या परिपत्रकात बँकांना बजावलंय की अंध व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे. चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज यांत भेदभाव करायचा नाही. प्रिंट काढून न्या. मीही नेली होती. तोवर साहेबांचा आवाज माझ्या बायकोच्या दिशेने जात होता, ‘यांना अंगठा द्यायला सांगा.’ कागद वाचल्यावर मला विचारलं, ‘सही येते का?’ येते. खिडकी कापलेली पुठ्ठ्याची पट्टी खिशात असते, ती रेघेवर ठेवली की झालं.

तोंडी नकार ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. महाराष्ट्रात असाल तर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालयही आहे.

खरं सांगू? बँकेपेक्षा घर अवघड. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम १३ मन लावून वाचा. आपले पैशाचे व्यवहार आपण सांभाळायचा हक्क त्यात आहेच. शिवाय मदत करणाऱ्याने दबाव टाकायचा नाही, आणि ज्या व्यवहारात त्याचं स्वतःचं हित आड येतं त्यात त्याने मदतीला बसायचंच नाही. मदतनीस बदलायची मुभाही आहे. आमच्या जमिनीच्या वाटणीचा कागद मला भाऊच वाचून दाखवत होता. त्याच्या मनात काही नसेलही. मी म्हटलं, आज सही नको, आणि तो वकिलाकडून वाचून घेतला. भाऊ महिनाभर बोलला नाही. कागदात खोट काहीच नव्हती, तरी पुन्हा वेळ आली तर तसंच करीन.

आणि हो, फॉर्मवर मोबाइल नंबर तुमचाच घाला. माझ्या पहिल्या खात्याला बाबांचा होता. शंभर रुपये काढले तरी संध्याकाळी जेवताना विचारायचे, ‘कशाला लागले रे?’