टार्गेट शूटिंगसाठी कमी बजेटमध्ये भरवशाचं .२२ पिस्तूल कोणतं घ्यावं?

भावा, तू विचारलंयस की सांगलीत राहतो, पॉइंट टू-टू घ्यायचंय, पैसे कमी आहेत, मॅचमध्ये अडकणार नाही असं मॉडेल सांगा. मॉडेल सांगतो खाली, पण ह्याच प्रश्नावरनं माझा आणि माझ्या साडूचा दहा-बारा वर्षं वाद चाललाय त्यामुळं ते आधी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. लायसन, क्लबची मेंबरशिप वगैरे तुला माहीत असेल असं धरून चालतो.

माझ्याकडं रशियन इझ-३५एम आहे. सेकंडहँड, खेळ सोडणाऱ्या एका नेमबाजाकडनं रीतसर नावावर करून घेतलेलं. दिसायला म्हणशील तर लोखंडाच्या ठोकळ्याला लाकडाची मूठ बसवल्यागत दिसतं, ती मूठ मी कानस मारून मारून माझ्या पंज्याला बसवली. पाच गोळ्यांची मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरून पिस्तुलात सारायची पत्र्याची डबी. ट्रिगर काच फुटल्यागत सुटतो. घेतलं तेव्हा साडू घरी बघायला आले होते. चहा झाला, पिस्तूल रिकामं करून त्यांच्या हातात दिलं, बाजूला रिकामी मॅगझीन होती ती त्यांनी उचलली, वरनं खालनं बघितली आणि ती सुटली, शहाबादी फरशीवर टण्णकन. उचलून परत दिली, "काय झालं नाही हो" म्हणाले. मला पण तेव्हा तसंच वाटलं.

पुढं दोन महिन्यांनी मॅच, २५ मीटर स्टँडर्ड पिस्तूल. साठ गोळ्या, पाच-पाचच्या सिरीज, आधी १५० सेकंदांच्या चार, मग २० सेकंदांच्या चार, शेवटी १० सेकंदांच्या चार. दीडशेच्या झकास गेल्या. वीसच्या दुसऱ्या सिरीजला तिसरी गोळी सुटली आणि चौथी अर्धी आत अर्धी बाहेर, शिश्याचं नाक वाकडं. हात वर केला, रेंज ऑफिसर आले, त्यांनी बघितलं, माझी चूक नाही म्हणून सिरीज परत मारायला दिली. इथवर ठीक. पण वीस आणि दहा मिळून अशी सवलत एकदाच, आणि दहाच्या तिसऱ्या सिरीजला परत तेच झालं, दोन गोळ्या मारल्यावर अडकलं. उरलेल्या तीन गोळ्या म्हणजे तीन भोपळे. मी ११ पॉइंटनं पुढच्या मॅचचं क्वालिफिकेशन हुकलो. अकरा! तीन गोळ्या टार्गेटच्या काळ्या गोलात कुठंही बसल्या असत्या तरी झालं असतं.

संध्याकाळी साडूंचा फोन. "तरी मी म्हणत होतो, स्वस्तात घेऊ नका, भोगा आता." हे वाक्य त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात, दिवाळीत मी ऐकलंय. बायकोच्या माहेरी तर मला "अडकलेलं पिस्तूल" म्हणून ओळखतात.

आता खरं काय झालं ते ऐक. पुढच्या रविवारी क्लबात एका मॅगझिनीनं दहा सिरीज मारल्या, एकदाही अडकलं नाही. दुसरीनं दहा मारल्या तर चार वेळा अडकलं. आमच्या जुन्या वस्तादांनी दोन्ही मॅगझिनी उजेडात शेजारी धरल्या आणि म्हणाले, "मर्दा, हिचा ओठ बघ." गोळीला वरनं धरून ठेवतात ते पत्र्याचे दोन ओठ, त्यातला एक केसभर आत दबलेला. केसभरच, पण पॉइंट टू-टूला तेवढं पुरतं, कारण ह्या काडतुसाला मागं कड असते आणि गोळी मऊ शिश्याची. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागं गेली की दोन्ही एकमेकांत गुंततात, आणि ओठ वाकडा असला की गोळी चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागं काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडात सरळ न जाता कडेवर आपटते. नाइन एमएमचं मोठं पिस्तूल असलं बरंचसं पचवतं, हे नाही पचवत.

म्हणजे पिस्तूल स्वस्त होतं म्हणून अडकलं नाही, कुणाच्यातरी हातातनं मॅगझीन पडली म्हणून अडकलं. साडू म्हणतात पडलीच नव्हती. बायको म्हणते मला आठवत नाही, आता ती तरी काय म्हणणार.

तर तुला सल्ला हाच, पिस्तूल बघायच्या आधी मॅगझीन बघ. किती आहेत, ओठ सरळ आहेत का, आणि मुख्य म्हणजे नवी मिळती का. हे मी २०१९ च्या पुरात दुसऱ्यांदा शिकलो. आम्ही गावभागात राहतो. पाणी चढायला लागलं तशी आई, कागदपत्रं, पिस्तूल सगळं वरच्या मजल्यावर नेलं आणि मॅगझिनी राहिल्या खाली किटबॅगेत. पाणी उतरल्यावर ती बॅग गाळानं भरलेली, स्प्रिंग गंजून कडक. पिस्तूल ठणठणीत आणि मी मॅगझिनीपायी पाच महिने बसून. शेवटी एका दुसऱ्या नेमबाजानं त्याच्याकडची जास्तीची दिली, जुन्या रशियन मॉडेलची मॅगझीन दुकानात जाऊन मिळत नाही. तेव्हापासून प्रत्येक मॅगझिनीवर मार्करनं नंबर टाकलाय, कुठली त्रास देती ते कळतं, तू पण टाक.

दुसरी गोष्ट काडतुसं. इथं लोक चुकतात आणि पिस्तुलाला शिव्या घालतात. टार्गेट पिस्तुलाची स्प्रिंग हलकी असते, ती स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बनवलेली, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वातीनशे मीटर. जोरात जाणारी हाय व्हेलॉसिटी भरून काय मिळत नाही, उलट झटका वाढतो आणि पिस्तूल झिजतं. पॉइंट टू-टू म्हणजे रिमफायर, ह्यात बारूद पेटवणारा मसाला कडेच्या आत भरलेला असतो, तो कुठं कमी पसरला की पिन बसूनही गोळी फुटत नाही, हे चांगल्या काडतुसातही कधीमधी होतं. तसं झालं की नळी टार्गेटकडंच धरून अर्धा मिनिट थांब, लगेच उघडू नको. आणि दोन-तीन कंपन्यांची थोडी थोडी घेऊन तुझ्या पिस्तुलात कुठली नीट चालती ते बघ, माझ्या इझला जी आवडती ती साडूंच्या पिस्तुलाला आवडत नाही. चेंबर मेणानं आणि राखेनं भरतं, ते साफ ठेव, पण नळीत रोज ब्रश घालून खरवडत बसू नको.

हां, साडूंचं पिस्तूल. २०१८ ला आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सोनं घेतलं, तेव्हा साडूंना पण उत्साह आला. लायसन होतंच. माझ्या पिस्तुलाच्या तिप्पट पैसे घालून इटलीचं घेतलं. झक्क आहे, खोटं कशाला बोलू, हातात घेतलं की आपोआप दहावर जातं असं वाटतं. त्यातनं त्यांनी आजवर किती गोळ्या मारल्या असतील? दोनशे सुद्धा नाहीत. काडतुसाला पैसे उरले नाहीत ना! मी त्या पैशात तीन वर्षं मारलं असतं. पिस्तुलाला सगळा खिसा रिकामा करणारा माणूस नेमबाज होत नाही, कपाटाचा राखणदार होतो.

बरं, मॉडेल. यूट्यूबवर अमेरिकन लोक सांगतात रुगर मार्क फोर घ्या नाहीतर ब्राउनिंग बक मार्क घ्या, तिथं ती बजेटची पिस्तुलं आहेत आणि चांगलीच आहेत, रुगरचा तो साचा १९४९ पासून चाललाय आणि मार्क फोर तर साफ करायला एक बटण दाबून उघडतं. पण आपल्याकडं सामान्य माणसाला परदेशातनं मागवता येत नाही, ती सोय ठरलेला स्कोर मारलेल्या नेमबाजांना. त्यामुळं तुला सेकंडहँडच बघायचंय. त्यात वॉल्थर जीएसपी चांगल्या अवस्थेत दिसलं तर सोडू नको, त्याची मॅगझीन ट्रिगरच्या पुढं असते आणि गोळी जवळजवळ सरळ आत जाते. ते नाही तर इझ, पण किमान तीन मॅगझिनी असतील तरच. आपलं सरकारी फॅक्टरीचं निडर रिव्हॉल्व्हर पॉइंट टू-टूच आहे, पण ते जवळ बाळगायला केलंय, आखूड नळीचं, त्यानं २५ मीटरवर पेपर मारायला जाऊ नको.

आता हे आधी सांगायला पाहिजे होतं पण राहिलं. तू अजून एअर पिस्तूल मारलं नसशील तर हे सगळं विसर. ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या नियमांनुसार लायसन लागत नाही, छर्रे स्वस्त, घराच्या गच्चीवर सोय करून दहा मीटर मारता येतं, मागं भक्कम अडसर असला पाहिजे एवढंच. तिथं ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅमचा जोर, २५ मीटरला किमान १००० ग्रॅमचा, तेवढा फरक नंतर महिन्याभरात बसतो. एक वर्ष ते कर, क्लबचं पॉइंट टू-टू मारून बघ, मग खरेदी. अजून एक, रिमफायर रिकामं मारून सराव करायचा तर आधी त्या मॉडेलला चालतं का विचार, काहींची पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पाडते. आणि निवडणूक लागली की हत्यार जमा करायला सांगतात, खेळाडूंना सूट मिळते, पण अर्ज वेळेत टाक, मी एकदा विसरलो आणि ऐन सीझनमध्ये दोन महिने हात हलवत बसलो.

साडूंनी त्यांचं पिस्तूल विकायला काढलंय असं बायकोकडनं कळलंय. मला घ्यायची लई इच्छा आहे पण तोंड उघडायची सोय नाही, "आता आलात ना लायनीवर" हे ऐकावं लागेल. तुझं लायसन झालेलं असेल तर तूच बघ. दोन मॅगझिनी आहेत सोबत. दोन्ही उजेडात शेजारी धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको, त्या घरात वस्तू हातातनं सुटायची खोड आहे.