बळी देण्याआधी समोरच्याची चाल लिही

चि. खेळाडूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले बुद्धिबळाचे डाव पाहिले. मोहरा देऊन हल्ला करायची हौस आहे, ती असू दे. पण तुझ्या टिपणांत प्रश्न एकच दिसतो : ‘त्याने खाल्लं तर मला काय मिळेल?’ खाल्लंच नाही तर? किंवा खाऊन राजा भलत्याच घरात गेला तर? हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि तुझे बरेचसे बळी तिथेच फसले आहेत.

आधी बळीच्या दोन जाती वेगळ्या ओळख. एका जातीत दिलेलं काही चालींत परत मिळतं किंवा मात होते. हा निव्वळ हिशेब असतो आणि तो शेवटच्या चालीपर्यंत मोजावाच लागतो. काळा राजा एच८च्या कोपऱ्यात, तुझा घोडा एच६वर (घराच्या नावात आधी उभ्या पट्टीचं अक्षर, मग रांगेचा आकडा), वजिराचा जी८वर शह, हत्तीला वजीर खावाच लागतो, मग घोडा एफ७वर आणि मात. ही कल्पना १४९७ साली छापलेल्या, लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या पुस्तकातही आहे. यात धाडस शून्य, कारण समोरच्याला निवडच नाही. दुसऱ्या जातीत शेवट दिसत नाही. मोहऱ्याच्या बदल्यात वेळ, एखादं भक्कम घर किंवा उघडा पडलेला राजा मिळतो. तू दुसऱ्या जातीचे बळी पहिल्या जातीच्या आत्मविश्वासाने देतोस.

मोजायला शिकण्यासाठी उंटाने एच७वरचं प्यादं खाण्याचा जुना बळी सर्वांत चांगला. काळ्याने लहान बाजूला किल्लेकोट केलेला आहे, म्हणजे राजा जी८वर आणि हत्ती एफ८वर. तुझा उंट डी३वर, घोडा एफ३वर, वजीर डी१वर आणि प्यादं ई५वर आहे. ई५चं प्यादं महत्त्वाचं, कारण त्याच्यामुळे काळ्याचा घोडा एफ६वर टिकत नाही. उंटाने एच७ खाऊन शह, राजाने उंट खाल्ला, घोडा जी५वर शह. इथून राजाच्या तीन वाटा नीट बघ.

राजा जी८वर परतला, तर वजीर एच५वर आणि एच७वर मात करण्याची धमकी. काळा हत्ती ई८वर नेऊन एफ८ मोकळं करतो. इथे घाईने वजीर एच७वर नेऊ नकोस. राजा एफ८, मग ई७ असा निसटेल आणि एफ७चं प्यादं त्याला आडोसा देईल. आधी वजिराने एफ७ खाऊन शह दे. राजाला एच८वर जावंच लागतं. मग वजीर एच५वर शह, राजा जी८, एच७वर शह, राजा एफ८, एच८वर शह, राजा ई७, आणि वजिराने जी७ खाऊन मात. एफ७ आधी काढलं म्हणूनच शेवटी सातवी रांग उघडी सापडते.

राजा एच६वर आला, तर तुझा सी१चा उंट कामाला येतो : घोडा हलला की मागून शह. पण त्यासाठी सी१पासूनची तिरकी ओळ मोकळी हवी. डी२वर तुझंच काहीतरी बसलं असेल तर ही वाट तुझ्यासाठी बंद.

राजा जी६वर आला, की बहुतेक जण गोंधळतात, कारण तिथे लगेच मात नसते. वजीर जी४वर किंवा प्यादं एच४वर, आणि काळ्याचं एफ५ हे उत्तर गृहीत धरून पुढचं मोजायचं. ही वाट मोजून झाली नसेल तर बळी देऊ नकोस. पहिल्या दोन वाटा कोणालाही दिसतात.

बळी फसतो कशामुळे? काळ्याचा घोडा एफ८वर असेल किंवा एफ६वर परतू शकत असेल, नाहीतर उंट एफ५वर येऊ शकत असेल, तर एच७ राखलं जातं आणि वजिराची धमकी पोकळ ठरते. काळ्याचा उंट ई७वर असेल तर तो जी५चा घोडा खाईल. तेव्हा तुझं एच४चं प्यादं आणि त्यामागे एच१वर हत्ती आधीपासून हवा, म्हणजे प्याद्याने उंट खाताच एच पट्टी उघडून शह बसतो.

एकूण ताळा असा : राजाजवळ तुझे किती मोहरे पोचतात आणि त्याचे किती बचावाला येतात? निदान तीन पोचत नसतील तर थांब. वजीर आणि एक घोडा शह देत राहतात, राजा चालत राहतो. उंटाने एच६चं प्यादं खाऊन, जी प्याद्याने उंट घेतल्यावर वजीर एच६वर आणणं याच कारणाने फसवं आहे. उंटाच्या बदल्यात दोन प्यादी मिळतात, वजीर राजाशेजारी बसतो, आणि तिसऱ्या रांगेतून जी३वर येणारा हत्ती नसेल तर तिथेच बसून राहतो. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात झालेल्या ‘ऑपेरा डावा’त अमेरिकन खेळाडू मॉर्फीने घोडा, हत्ती आणि वजीर देऊन १७व्या चालीला मात केली, तेव्हा त्याच्याकडे राजा-प्याद्यांखेरीज फक्त एक हत्ती आणि एक उंट उरला होता. पण काळ्याचे राजाच्या बाजूचे हत्ती आणि उंट मूळ घरांतून हललेच नव्हते. दोघे हल्लेखोर तिथे पुरले ते यामुळे.

दुसऱ्या जातीत हत्ती देऊन उंट किंवा घोडा घेण्यापासून सुरुवात कर. सिसिलियन बचावात (ई४ला सी५ने उत्तर देणारी सुरुवात) काळा सी पट्टीवरच्या हत्तीने सी३चा घोडा खातो. पांढऱ्याची प्यादी फुटतात, ई४चा आधार जातो आणि बरेचदा ते प्यादंही पडतं. हत्तीचे पाच गुण देऊन घोड्याचे तीन अधिक प्याद्याचा एक, आणि वर बिघडलेली प्यादी. मात्र वजीर पटावर असताना हे जास्त लाभतं. मोहरे कमी झाले की पांढऱ्याचे हत्ती जागे होतात. १९५३च्या झ्युरिच स्पर्धेत रेशेव्हस्कीविरुद्ध पेट्रोस्यानने २५व्या चालीला हत्ती ई६वर नेऊन ठेवला, खा म्हणून. हेतू एवढाच की घोड्याला ई७मार्गे डी५वर जाता यावं. डाव बरोबरीत सुटला. मला हा डाव शिकण्यासाठी मात करणाऱ्या आतषबाजीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात हत्ती कोणत्या घरासाठी दिला हे बोट ठेवून सांगता येतं. तुला ते घर सांगता येत नसेल तर हत्ती ठेव.

वजिराच्या गॅम्बिटला (डी४, डी५, सी४ अशी प्यादं देऊ करणारी सुरुवात) मात्र बळी म्हणू नकोस. सी४चं प्यादं खाऊन काळा ते बी५ने धरायला गेला, तर ई३, ए४, मग बी५वर मारामारी आणि वजीर एफ३वर : ए८च्या हत्तीवर थेट नजर. प्यादं सोड, काळ्याचा मोहराच जातो.

सरावाबद्दल. कोड्यांत बळी आहे हे आधीच माहीत असतं, म्हणून त्यांतून ‘कधी देऊ नये’ हे शिकता येत नाही. वरची एच७ची स्थिती मांड आणि एका वेळी एकच मोहरा हलव : काळ्याचा घोडा एफ८वर, मग उंट ई७वर, मग तुझाच घोडा डी२वर. दर वेळी बळी चालतो की नाही ते वहीत लिही, समोरच्याच्या सर्वांत चिवट उत्तरासकट. बळी न स्वीकारण्याची चालही लिही. नंतरच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक, लाव. एक-दोन मिनिटांच्या डावांत हे जमत नाही. निदान १५ मिनिटांचे खेळ.

पुढच्या पत्रात या तिन्ही स्थितींची उत्तरं पाठव, आणि राजा जी६वर येतो ती वाट काळ्याच्या बाजूने मोजून पाठव.