मगरीला चालतं, मग बाळाला का नाही? हृदयातल्या छिद्राबद्दल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बहिणीच्या दीड महिन्याच्या बाळाच्या हृदयाला छिद्र निघालं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला, म्हणजे डॉक्टर ज्याला व्हीएसडी म्हणतात ते. ‘लहान आहे, तूर्त थांबू’ असं सांगितलंय. घरात ही बोलणी चालू असताना नीटची तयारी करणारा तुमचा मुलगा मध्येच म्हणाला, ‘बेडकाच्या हृदयात शुद्ध-अशुद्ध रक्त एकाच कप्प्यात येतं, मगरीला तर जन्मभर छिद्र असतं, त्यांचं काही बिघडत नाही. मग माणसाचंच एवढं काय?’ त्यावर सगळे त्याच्या अंगावर धावून गेले.

वेळ चुकली असेल, प्रश्न अजिबात चुकलेला नाही. मी डॉक्टर नाही, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे आधी प्राणी, मग बाळ.

पुस्तकात हे सगळं एका तक्त्यात असतं: मासा दोन कप्पे, बेडूक तीन, पक्षी आणि सस्तन प्राणी चार. वाचणाऱ्याचा समज होतो की मासा मागासलेला, बेडूक अर्धवट आणि आपण परिपूर्ण. ही मांडणी मला कधीच पटली नाही. कप्पे किती हे नंतर बघा, आधी दाब किती ते विचारा.

आपलं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला ७०-७२ ठोके धरले तर झाले पाच लिटर. अंगात एकूण रक्तही तेवढंच, म्हणजे मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं. (असाच हिशोब मांडून इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेनं १६२८ साली दाखवून दिलं की एवढं रक्त शरीर सतत नव्यानं बनवूच शकत नाही, तेच फिरून परत येत असणार. मधल्या केशवाहिन्या त्याला दिसल्या नव्हत्या. त्या १६६१ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ मालपिगीनं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.) आता गंमत अशी की उजवी बाजू फुप्फुसाकडे जेवढं रक्त पाठवते तेवढंच डावी बाजू शरीराकडे पाठवते. मात्र डावीकडचा दाब १२०/८०, आणि फुप्फुसाच्या धमनीतला जेमतेम २५/१०.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरात मटण चालत असल्यास खाटकाकडून बोकडाचं अख्खं हृदय आणा. त्याला आधीच सांगा की चीर देऊ नको आणि वरच्या नळ्या मुळाशी कापू नको. नळाखाली धरून आतल्या गुठळ्या काढून टाका. मग नुसतं बोटांनी दाबलं तरी कळतं, एक बाजू मऊ, पिशवीसारखी दबते आणि दुसरी टणक राहते. टणक ती डावी. आडवं कापलं की डाव्या निलयाची (निलय म्हणजे खालचा कप्पा) भिंत जाडजूड आणि उजव्याची तिच्या निम्मीसुद्धा नाही, हे पट्टी न लावता दिसतं. कापण्यापूर्वी महाधमनीत, म्हणजे शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य नळीत, वरून पाणी ओतून पाहा. तीन पाकळ्यांची झडप मिटते आणि पाणी वरच अडतं. थोडंफार कमी होत जातं, ते हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांतून. त्यांची तोंडं त्या झडपेच्या लगेच वर असतात. हृदय स्वतःच्या पोषणाचं रक्त महाधमनीच्या अगदी पहिल्या फाट्यावरच घेतं. तुमच्या मुलाला हे एकदा करायला द्या, दहा आकृत्या काढून होणार नाही ते होईल.

तर दोन बाजूंना दोन दाब का? कारण फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो. पातळ नसेल तर ऑक्सिजन पुरेशा वेगानं आत येणार नाही, आणि इतक्या पातळ पडद्यावर १२०चा दाब आला तर पाणी झिरपून वायुकोश भरतील. उलट डोक्यापर्यंत, मूत्रपिंडापर्यंत, पळताना मांडीच्या स्नायूंपर्यंत रक्त पोचवायला दाब हवाच. शेतकऱ्याला हे लगेच समजेल: विहिरीतून टेकाडावर पाणी चढवणाऱ्या मोटरचा पाइप थेट ठिबकच्या नळीला जोडत नाहीत. दोन दाब हवेत म्हणून दोन पंप, आणि दोन्ही पंप एकाच हृदयात बसवायचे म्हणून मध्ये न गळणारी भिंत. चौथा कप्पा येतो तो इथून. नुसतं रक्त मिसळू नये एवढाच त्याचा हेतू असता तर बेडकानं ते काम भिंतीशिवायही बरंच जमवलंय.

मासा घ्या. त्याच्यात एकच फेरी: हृदय, कल्ले, शरीर आणि पुन्हा हृदय. अशुद्ध रक्तच हृदयात येतं, त्यामुळे मिसळण्याचा प्रश्नच नाही. तोटा एवढाच की कल्ल्यांच्या केशवाहिन्यांतून जाताना दाब पडतो आणि शरीराकडे जाणारं रक्त मंद दाबानं जातं. पाण्यात शरीर तोललेलं असतं, मान उंच धरायची नसते, तेव्हा भागतं.

बेडकाला वरचे कप्पे दोन आणि खालचा एक. ‘सगळं रक्त मिसळतं’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या पाठ केलं गेलंय, पण ते निम्मंच खरं आहे. त्या एका निलयाची आतली बाजू गुळगुळीत नसते, स्पंजासारखी खाचाखाचांची असते. डावीकडून आलेलं आणि उजवीकडून आलेलं रक्त बऱ्याच अंशी आपापल्या बाजूनं राहतं, आणि बाहेर पडणाऱ्या नळीत एक मळसूत्री पडदी असते, ती त्यांना पुढेही बरंचसं वेगळं काढते. दुसरं असं की बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, आणि कातडीतून ऑक्सिजन घेऊन येणारं रक्त उजव्याच कप्प्यात येतं. म्हणजे ‘उजवीकडचं ते अशुद्ध’ हे बेडकाला सरसकट लागूच पडत नाही. तो पाण्याखाली बसला की फुप्फुस निकामी, कातडीवर भिस्त. अशा वेळी फुप्फुसाची वाहिनी आवळून रक्त दुसरीकडे वळवता आलं पाहिजे, आणि एकच निलय असल्यामुळे ते जमतं. आपल्याला जमत नाही. आपली उजवी बाजू फुप्फुसाशी कायमची बांधलेली आहे. (कॉलेजातलं बेडूक कापणं आता बंद झालं, ते बरंच झालं. पण पुस्तकातली आकृती होती तशीच राहिली.)

आता मगर. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी भिलवडी-औदुंबरकडे गेलात तर उन्हाला पडलेल्या दिसतात. मगरीचं हृदय चार कप्प्यांचंच असतं आणि मधली भिंत पूर्ण असते. छिद्र त्या भिंतीत नसतं, हे मुलाला आधी सांगा. तिला महाधमन्या दोन असतात, एक डाव्या निलयातून आणि दुसरी चक्क उजव्या निलयातून निघते. या दोघी उगमापाशी एकमेकींना चिकटून जातात आणि तिथल्या सामाईक भिंतीत ते छिद्र असतं. इटालियन शरीररचनाकार पानिझा यानं १८३३ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला पानिझाचं छिद्र म्हणतात.

मगर निवांत श्वास घेत पडलेली असते तेव्हा डावीकडचा दाब जास्त असल्यामुळे दोन्ही महाधमन्यांत शुद्ध रक्तच खेळतं. ती पाण्याखाली गेली की फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची एक दातेरी झडप आवळली जाते. उजव्या निलयात दाब चढतो आणि तिथलं रक्त फुप्फुसाला वळसा घालून दुसऱ्या महाधमनीनं शरीराकडे जातं. हवा नसलेल्या फुप्फुसात रक्त फिरवण्याचा खर्च वाचतो. त्या रक्तात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, आणि ही महाधमनी पुढे जठराकडेही रक्त नेत असल्यामुळे त्याचा उपयोग पाचक आम्ल बनवायला होत असावा, असं काही संशोधकांचं मत आहे. शिवाय मगर थंड रक्ताची. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानानं तिचा विश्रांतीतला ऑक्सिजनचा खर्च साधारण दहाव्या हिश्श्याचा. थोडं भेसळीचं रक्त तिला सहज परवडतं.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, बाळाकडे येताना लागतील: मगरीत रक्त उजवीकडून डावीकडे वळतं, आणि ते कधी वळवायचं हे झडप ठरवते.

जाता जाता: तुमच्या घरच्या त्या चर्चेत कुणीतरी झुरळही काढलंय. झुरळाच्या पाठीशी तेरा कप्प्यांची नळी असते, कप्पे मोजायचेच तर पहिला नंबर त्याचा! त्याचं रक्त बिनरंगी असतं, कारण त्याला ऑक्सिजन वाहायचाच नसतो. हवा बारीक श्वासनलिकांतून थेट पेशींपर्यंत जाते. खेकड्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं, म्हणून ते हवेत निळसर होतं. ऑक्टोपसला तीन हृदयं. यातल्या कुणाचंही अडलेलं नाही. आणि पक्ष्यांचे चार कप्पे आपल्याकडून गेलेले नाहीत, त्यांनी ते स्वतंत्रपणे मिळवले. पुरावा हवा तर पक्ष्याची महाधमनी उजवीकडे वळते आणि आपली डावीकडे. हिवाळ्यात जायकवाडीला उतरणारे पट्टकादंब पक्षी हिमालय ओलांडून येतात ते या दोन पंपांच्या जिवावर, आणि ऑक्सिजन घट्ट धरणाऱ्या त्यांच्या हिमोग्लोबिनच्या.

आता बाळ. जन्माआधी प्रत्येक बाळ मगरीसारखंच वागत असतं, आणि हे तुमच्या मुलाला फार आवडेल. गर्भात फुप्फुसं द्रवानं भरलेली, आकसलेली. ऑक्सिजन येतो नाळेतून. मग सगळं रक्त फुप्फुसात पाठवून करायचं काय? म्हणून दोन आडवाटा असतात. एक वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र आणि दुसरी फुप्फुसाची धमनी महाधमनीला जोडणारी छोटी नळी. दोन्हींतून रक्त उजवीकडून डावीकडे जातं, फुप्फुस टाळून. पाण्यातल्या मगरीचीच दिशा! जन्मल्यावर पहिल्या काही श्वासांत फुप्फुसं उघडतात, त्यांच्यातला रक्तप्रवाहाला होणारा विरोध घटतो, डावीकडचा दाब वरचढ होतो आणि छिद्रावरचा पडदा भिंतीला दाबला जाऊन बंद होतो. नळी दोन-तीन दिवसांत आकसते. चौघांतल्या एका प्रौढात तो पडदा पूर्ण चिकटलेला नसतो आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. बोकडाच्या त्याच हृदयात उजवा वरचा कप्पा उघडून भिंतीवर बोट फिरवा. बोटाच्या टोकाएवढा एक पातळ खळगा लागेल, उजेडाकडे धरला तर त्यातून उजेड झिरपतो. ती बुजलेली खिडकी.

तुमच्या भाच्याचं छिद्र हे नव्हे. ते खालच्या कप्प्यांमध्ये आहे, जिथे मोठ्या माणसाच्या आकड्यांत सांगायचं तर एकीकडे १२० आणि दुसरीकडे २५ असा सामना आहे. रक्त जाणार ते डावीकडून उजवीकडे, म्हणजे मगरीच्या नेमकं उलट. शुद्ध झालेलं रक्त शरीराकडे जाण्याऐवजी पुन्हा फुप्फुसात. छिद्र मोठं असेल तर फुप्फुसांना नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त रक्त येतं, शिवाय दाबही चढतो, आणि हे सगळं त्या मायक्रॉनभर पडद्यावर. आवळायला झडप नाही, प्रत्येक ठोक्याला हेच. म्हणून अशी बाळं निळी पडत नाहीत, त्यांना धाप लागते. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसाच्या वाहिन्या जाड होत जातात, उजवीकडचा दाब डावीपेक्षा वर जातो, रक्त उलट दिशेनं जाऊ लागतं आणि मूल निळं पडू लागतं. त्या टप्प्यावर छिद्र बुजवूनही उपयोग होत नाही, म्हणून मोठं छिद्र वेळेत बंद करायचं.

‘जन्मल्यावर तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं, मग आता कुठून आलं’ असं तुमची बहीण विचारतेय. तेव्हाही होतंच. पहिल्या दिवसांत फुप्फुसातला विरोध अजून जास्त असतो, दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ असतात, त्यामुळे छिद्रातून फारसं रक्त जात नाही आणि आवाजही येत नाही. विरोध पुढच्या चार-सहा आठवड्यांत उतरतो आणि मग डॉक्टरांना स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येतं. तिचा दुसरा धसका म्हणजे ‘आवाज खूप मोठा आहे’ हे वाक्य. बारीक छिद्रातून जोराच्या दाबानं रक्त उडालं की आवाज मोठा येतो. छिद्र खूप मोठं असेल तर उलट आवाज कमी असू शकतो. आकार एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मोजतात, कानानं नाही.

लहान छिद्रं, विशेषतः पडद्याच्या मांसल भागातली, पुष्कळदा आपोआप बुजतात. थांबू म्हणणाऱ्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही. मात्र थांबणं म्हणजे बघत राहणं: दूध पिताना कपाळावर घाम येतो का, मध्येच दमून सोडून देतं का, झोपेतही श्वास भराभर चालतो का, छातीचा कफ पुन्हापुन्हा होतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, वजन वाढतंय का. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. तो देशात सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, २०१३ साली, आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत. एकोचा रिपोर्ट आणि वजनाचा तक्ता सोबत ठेवा.