४१ गोळ्या, ४१ रॅपर आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: मुलगा कॉलेजला आहे, रॅपचं भयंकर वेड आहे त्याला. परवा सांगत होता की पोलिसांनी एका माणसावर ४१ गोळ्या झाडल्या म्हणून अमेरिकेत ४१ रॅपरनी मिळून रेकॉर्ड काढली होती. मला तर व्हॉट्सॅप फॉरवर्डच वाटला. खरंय का हे?
(एक आई, सांगली)

उत्तर: खरंय ताई, फॉरवर्ड नाहीये. ४ फेब्रुवारी १९९९, मध्यरात्र उलटून गेलेली, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये अमादू डियालो नावाचा २३ वर्षांचा पोरगा स्वतःच्याच बिल्डिंगच्या दारात उभा होता. मूळचा गिनीचा, मॅनहॅटनला १४व्या स्ट्रीटच्या फुटपाथवर मोजे, हातमोजे, व्हिडिओ कॅसेट असं काहीबाही विकायचा. साध्या कपड्यातले चार पोलीस तिथे आले, ते एका बलात्काऱ्याच्या शोधात होते आणि हा त्यांना तसा वाटला म्हणे. डियालोने खिशातनं पाकीट काढलं, त्यांना ती बंदूक वाटली, आणि मग ४१ गोळ्या, त्यातल्या १९ लागल्या. पोराकडे शस्त्र-बिस्त्र काही नव्हतं. हे चौघे होते स्ट्रीट क्राइम युनिटचे, आणि या युनिटचं ब्रीदवाक्यच असं होतं की रात्र आमच्या मालकीची आहे, आता बोला.

नंतर पोलीस मुख्यालयासमोर रोज लोक जाऊन बसायचे आणि मुद्दाम अटक करून घ्यायचे, त्यात माजी महापौर डेव्हिड डिंकिन्स होते, हॉलिवूडची नटी सुझन सरँडन होती, हजारावर लोकांना अटक झाली. खटला मात्र शहरातनं उचलून राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला नेला, इथे एवढा गाजावाजा झालाय की ज्युरी निष्पक्ष मिळणार नाही असं कारण देऊन, आणि २५ फेब्रुवारी २००० ला चौघेही सगळ्या आरोपांतून सुटले.

रेकॉर्ड त्याच वर्षीची, नाव 'हिप हॉप फॉर रिस्पेक्ट'. ब्रुकलिनचे मॉस डेफ आणि तालिब क्वेली या दोघांनी सगळी जमवाजमव केली, एका गोळीमागे एक असे ४१ जण गोळा केले. कॉमन, फॅरो मॉन्च, रा डिगा, कूल जी रॅप, डे ला सोल या ग्रुपचा पॉसडन्यूस, म्हणजे जुने-नवे, नावाजलेले आणि कुणी फारसं न ऐकलेले सगळे एका रांगेत. मोठं अल्बम नाही, चारच गाणी.

प्रश्न: चॅरिटी रेकॉर्ड म्हटलं की आम्हाला 'वुई आर द वर्ल्ड' आठवतं, दुष्काळ पडला, गाणं काढलं, पैसे पाठवले. इथे चॅरिटी कसली? पैसे गेले कुठे, आणि उपयोग काय झाला?
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: पैशासाठी त्यांनी त्याच नावाचं एक ना-नफा फाउंडेशन काढलं होतं, कलाकारांनी आपल्या वस्तीच्या कामात उतरावं या हेतूने. पण खरं सांगू का, अशा रेकॉर्डला पैशाच्या मापाने मोजायलाच जाऊ नये. दुष्काळाच्या विरोधात गायलं तर कुणाला राग येत नाही, दुष्काळाची काही युनियन नसते. पोलिसांची असते! त्याच वर्षी, २०००च्या जूनमध्ये, रॉकस्टार ब्रूस स्प्रिंगस्टीनने या ४१ गोळ्यांवरच गाणं म्हटलं, तर न्यूयॉर्कच्या पोलीस युनियनने मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या शोजवर बहिष्कार टाकायला सांगितलं, ते पण एवढ्या लाडक्या गोऱ्या गायकाच्या. मग रस्त्यावर रोज त्याच पोलिसांशी गाठ पडणाऱ्या काळ्या पोरांनी नावानिशी पुढे येणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. आणि एकटा बोलला तर तो त्याचा वैयक्तिक राग म्हणून सोडून देता येतो, ४१ जणांचं तसं करता येत नाही, मला तरी तोच आकडा या रेकॉर्डची सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. (गंमत म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या रॉकस या लेबलमध्ये पैसा होता माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकच्या मुलाचा. असो.)

उपयोगाचं म्हणाल तर ते स्ट्रीट क्राइम युनिट २००२ ला बंद केलं. ते रेकॉर्डमुळे झालं असं मी म्हणणार नाही, रस्त्यावरचे लोक, कोर्टकचेऱ्या, वर्तमानपत्रं सगळ्यांचा मिळून रेटा होता. डियालोच्या घरच्यांनी शहरावर ६ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला, त्यात प्रत्येक गोळीचे १० लाख वेगळे धरलेले, म्हणजे तिथेही हिशोब ४१ चाच. २००४ ला ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. आणि त्या चौघा पोलिसांपैकी एकाला पुढे २०१२ ला ड्युटीची बंदूक परत मिळाली, नंतर बढतीसुद्धा. आता याला काय म्हणायचं.

प्रश्न: ऐकायला कशी आहे पण? का नुसतंच भाषण?
(एक रॅपप्रेमी, डोंबिवली)

उत्तर: थोडं भाषण आहेच, खोटं कशाला बोलू. 'वन फोर लव्ह' दोन भागांत आहे आणि त्यात एकेक जण येतो, आपल्या आठ-बारा ओळी म्हणतो आणि बाजूला होतो, भजनात बुवा बदलत जावेत तसं. एवढी माणसं कोंबली की सगळ्यांनाच सूर सापडतो असं नाही, काही जण नुसते ओरडून जातात. पण कूल जी रॅपसारखा जुना खेळाडू आला की लगेच कळतं, शब्द कसे एकमेकांवर चढत जातात ते. माझ्या मते खरी जमलेली गोष्ट 'अ ट्री नेव्हर ग्रोन', तिथे घाई नाही, राग आहे पण दात-ओठ खाऊन नाही, उलट दमलेला आहे आणि म्हणून जास्त लागतो. हेडफोन लावून आधी तेच ऐक, मग बाकीची. शिव्या आहेत, तेव्हा घरात स्पीकरवर लावणार असशील तर आजी झोपल्यावर लाव.