जुनी वाद्यं म्हणजे 'अपुरा पियानो' होती का?

क्लॅविकॉर्ड, हार्प्सिकॉर्ड ही पियानोच्या आधीची पट्ट्यांची वाद्यं म्हणजे 'अपुरा पियानो' होती का, असं तुम्ही विचारलंत. तो शब्द वाचला आणि राहवेना. सतराव्या वर्षी पुण्यातल्या क्लासमध्ये हेच ऐकून मी रडत घरी गेलो होतो.

जर्मन संगीतकार सी. पी. ई. बाखचा १७८१ चा एक रोंडो, म्हणजे मूळ धून पुन्हा पुन्हा परतणारी रचना, आहे. झिल्बरमान या कारागिराने बनवलेला आपला लाडका क्लॅविकॉर्ड दुसऱ्याच्या हाती सोपवताना त्याने तो लिहिला. त्यात एकेका लांब सुरावर कमान आणि ठिपके आहेत. "सूर एकदाच वाजवायचा, मग ठिपके कशाला?" असं मी विचारलं. बाईंनी पेन्सिलने ते सरळ खोडले. म्हणाल्या, "तेव्हाची वाद्यं अपुरी होती, मनावर घेऊ नकोस."

पुढे जर्मनीत एका कारागिराकडे क्लॅविकॉर्डला हात लावायला मिळाला. आवाज इतका नाजूक की त्याने आधी खिडकी लावून घेतली. पट्टी दाबली की पितळेची छोटी पात तारेवर आदळते आणि बोट उचलेपर्यंत तिथेच टेकून राहते. म्हणून बोटाचा दाब जरा कमीजास्त केला की तारेचा ताण बदलतो आणि सूर हलतो. चक्क आंदोलन! आपल्या पेटीवर जे जन्मात निघत नाही, ते. ठिपके त्या दाबांची खूण होते. अर्धा तास मी तो एकच सूर हलवत बसलो.

हार्प्सिकॉर्डचंही तसंच. पिसाचा देठ तार छेडतो, पट्टी जोरात मारून आवाज वाढत नाही. मग भरगच्चपणा आणायचा तर स्वर वाढवा, अलंकार घाला. थोरल्या बाखने, म्हणजे त्याचे वडील योहान सेबास्टियन बाख यांनी, १७४१ ची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ही रचना दोन कीबोर्डांच्या हार्प्सिकॉर्डसाठी लिहिली. एकाच कीबोर्डवर त्यातले काही भाग वाजवताना हात एकमेकांत अडकतात. मोझार्टने १७७७ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात श्टाइन या कारागिराच्या फोर्तेपियानोंची, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या पियानोंची, तारीफ केली, त्यांचे सूर नेमके थांबतात म्हणून. मोझार्टच्या रचनांतले डाव्या हाताचे खर्जातले दाट कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) त्या लाकडी चौकटीच्या, पाच सप्तकांच्या वाद्यावर स्वच्छ ऐकू येतात. आजच्या ग्रँड पियानोवर त्यांचा गाळ होतो. यात वाद्याचं अपुरेपण कुठे आहे? अपुरी असते ती शिकवणाऱ्याची माहिती.

तुम्ही खुशाल पियानोवर वाजवा, मीही रोज तेच करतो. हातोडी तारेवरून लगेच सुटते, त्यामुळे आंदोलन मिळणार नाही. तरी ठिपके खोडू देऊ नका. आणि हो, तो रोंडो लिहिणाऱ्या सी. पी. ई. बाखने उतारवयात फोर्तेपियानोसाठीही लिहिलं आहे, तेव्हा त्याचं सगळंच क्लॅविकॉर्डचं समजू नका.