चालत जाण्याच्या अंतरावर म्हणजे नेमकं किती?

प्रश्न असा आला आहे: कोल्हापुरात मंगळवार पेठेतली जागा भाड्याने द्यायची आहे. अंबाबाईचं मंदिर तिथून रस्त्याने साधारण किलोमीटरभर. जाहिरातीत ‘मंदिर हाकेच्या अंतरावर’ लिहावं, ‘चालत जाण्याच्या अंतरावर’ लिहावं, की हल्ली दिसतं तसं ‘चालत्या अंतरावर’? आणि या शब्दांना काही मोजमाप आहे का?

शेवटचं रूप आधी निकालात काढू. ‘चालत्या अंतरावर’ लिहू नका. जे चालतं त्यालाच ‘चालता-चालती-चालतं’ हे विशेषण लागतं: चालती गाडी, चालतं दुकान. अंतर काही चालत नसतं. ‘पायी अंतरावर’ही अडखळतं, कारण ‘पायी’ला जाण्या-येण्याचं क्रियापद हवं असतं. ‘पायी पाच मिनिटांवर’ मात्र खटकत नाही. तिथे ‘गेलं तर’ हे न बोलताच ऐकू येतं.

‘हाकेच्या अंतरावर’ या शब्दांत माप आहेच. आपल्या दारातून मारलेली हाक जिथवर ऐकू जाते तिथवर. पेठेतल्या गल्लीत समोरची तालीम, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, फार तर गल्लीच्या तोंडाचा रिक्षा स्टॉप. म्हणजे शंभर-दीडशे मीटर, आणि रहदारीचा रस्ता मध्ये आला की तेवढंही नाही. ‘पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर असताना चोरी’ असं बातमीत येतं, तेव्हा त्यात खरं तर तक्रार असते: इतक्या जवळ असून कळलं कसं नाही? अंतर थोडं ताणलेलं असलं तरी तिथे ते चालून जातं. घर भाड्याने घेणारा माणूस मात्र त्या शब्दांवर विश्वास ठेवून जागा बघायला येणार असतो. किलोमीटरभर लांबच्या देवळाला ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणणं ही त्याची फसवणूक आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

आता मुख्य शब्द. ‘चालत जाण्याच्या अंतरावर’ अक्षरशः घेतलं तर त्याला सीमाच उरत नाही. जोतिबाच्या डोंगरावर कोल्हापुरातून कितीतरी लोक चालत जातात. सतरा-अठरा किलोमीटर आहे. पण म्हणून काही शहरातलं घर कुणी ‘जोतिबापासून चालत जाण्याच्या अंतरावर’ आहे असं म्हणत नाही. म्हणजे पायांना झेपतं किती, यावर हे ठरत नाही. रोजच्या कामाला, हातात पिशवी असताना, ‘गाडी काढू का?’ हा विचार मनात न येता माणूस निघतो का, यावर ठरतं. बोलताना आपण म्हणतो, ‘चालत जाण्यासारखं आहे’, ‘चालत जाण्याजोगं आहे’. त्यातला ‘सारखं’, ‘जोगं’ फार मोलाचा. बोलणाऱ्याने स्वतः विचार करून सांगितलं आहे की चालायला हरकत नाही, हे त्यात येतं. ‘चालत जाण्याच्या अंतरावर’ व्याकरणाने बरोबर आहे, पण त्यातून हा विचार गळून गेला आहे. मला ‘जाण्यासारखं’ जास्त प्रामाणिक वाटतं.

आकडे हवेच असतील तर तेही आहेत. मुलांच्या शिक्षण हक्काच्या कायद्यासाठी केंद्राने २०१० साली जे आदर्श नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून चालत १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. सहा वर्षांच्या पोराचं अंतर वेगळं आणि बारा वर्षांच्या मुलीचं वेगळं, हे कायद्यानेही मानलं. केंद्राच्या २०१७ च्या धोरणात मेट्रोसारख्या स्थानकाभोवतीचं चालण्याजोगं अंतर ५०० ते ८०० मीटर धरलं आहे. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींचा नियम तर अगदी नेमका आहे: रस्त्याने मोजलेले ८० मीटर म्हणजे एक मिनिट, आणि वरचा अपुरा तुकडा पूर्ण मिनिट धरायचा. त्या हिशेबाने तुमचं मंदिर १३ मिनिटांवर येतं. नियम दुसऱ्या देशाचा आहे, पण वापरून बघण्यासारखा आहे. धडधाकट माणसाची चाल साधारण तेवढीच असते.

पूर्वी आपल्याकडे या कामाला फर्लांग होता. मैलाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे २०० मीटर. ‘गावापासून दोन फर्लांगांवर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला चालणं किती ते कळायचं. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, मैलाबरोबर फर्लांगही गेला, आणि किलोमीटर चालण्यासाठी जरा मोठाच पडला. ती जागा बोलण्यात मिनिटांनी घेतली, असं मला वाटतं. कोल्हापुरात रस्ता विचारा, ‘सरळ जावा, तिकटीला डावीकडं वळा, लागतंयच’ असं उत्तर येतं, ‘चालत किती?’ म्हटलं की ‘धा मिण्टं’. मीटर कुणी सांगत नाही.

पण मिनिटं कुठून कुठे मोजली, हे सांगितलं नाही तर तीही फसवी. ‘रंकाळ्यापासून पाच मिनिटं’ हेच बघा. रंकाळा म्हणजे काय एक ठिकाण आहे? टॉवरच्या बाजूचं घर आणि शालिनी पॅलेसच्या बाजूचं घर दोन्ही रंकाळ्यालगतच, पण मध्ये अख्खा तलाव. तिथे ‘रंकाळा टॉवरपासून’ असंच लिहायला हवं. स्टेशनचंही तेच. नकाशावर राजारामपुरीची पहिली गल्ली आणि स्टेशन एकमेकांना चिकटलेली दिसतात, पण मध्ये रूळ आहेत; परीख पुलाकडून वळसा घालून यायचं तर सरळ रेषेचा काही उपयोग नाही. उलट स्टेशनवरून मध्यवर्ती बसस्थानक खरोखर चालत जाण्यासारखं आहे, बॅग असली तरी.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट जमेची आहे. मंदिराच्या परिसरात नवरात्रात वाहनं अडवलेली असतात, आणि एरवीही लोक बिंदू चौकात गाडी लावून भवानी मंडपातून चालतच आत जातात. गाडीवाल्यालाही शेवटचा टप्पा चालावाच लागतो, तिथे पेठेतून निघालेल्याचा किलोमीटर फार वाटत नाही. तरी गुडघे दुखणाऱ्या आजींना तो लांबच आहे, आणि आषाढातल्या पावसात तर तरुणालाही. म्हणून मी जाहिरातीत असं लिहीन: ‘अंबाबाई मंदिर रस्त्याने १ किमी, चालत १२-१५ मिनिटं.’ हे वाचून आजींच्या घरचे आपलं आपण ठरवतील.

राहिलं ‘वॉकिंग डिस्टन्स’. बोलण्यात ते सगळ्यांच्या तोंडी आहे, घर दाखवणारे एजंटही तेच म्हणतात, आणि त्याला माझी हरकत नाही. पण लिहिताना त्याच्यापुढे मिनिटं लिहा, नाहीतर ‘वॉकिंग डिस्टन्स म्हणजे किती?’ हे विचारायला फोन येणारच.