‘पिशवी काढूनच टाकावी म्हणते, मॅडम’

दिवाळीच्या आधी, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत, बीडकडच्या माझ्या खोलीत गर्भाशयाची पिशवी काढण्याचा हा प्रश्न हमखास येतो. या बाईचं नाव-गाव सांगत नाही, काही तपशील बदललेत. वय 28, लग्न सोळाव्या वर्षी, तीन लेकरं. सोबत नवरा. उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून (टोळीच्या ठेकेदाराकडून) घेतलेल्या आगाऊ पैशांच्या, हिशोबाची वही आणि सोनोग्राफीचा कागद एकाच कॅरीबॅगमध्ये.

“अंगावरून पांढरं जातं, पोटात लई दुखतं. डॉक्टर म्हणले, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.”

कागदावर कॅन्सरचं नावही नव्हतं.

मी नवऱ्याला चहाला पाठवलं. मग ती बोलली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. पाळीत एक दिवस झोपून राहिलं की खाडा (गैरहजेरी) पडतो, तो उचलीतून कापतात. उसाच्या फडात आडोसा नाही, पाळीच्या कापडाची घडी धुवायला पाणी नाही. “पिशवी गेली की पाळीचीच कटकट गेली,” असं तिला जावेनं सांगितलं होतं. तिचा हिशोब चुकीचा होता असं मला वाटत नाही. चुकीचं होतं ते त्याला उत्तर म्हणून ऑपरेशन सुचवणं.

ती एकटी नव्हे. 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे पाहणी आली: बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. हे तिला ठाऊक नव्हतं.

तिला मी सांगितलं ते असं. पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं असतं, गोळ्यांनी बरं होतं. काही संसर्गांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. कॅन्सरची भीती असेल तर सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाची तपासणी होते, काही मिनिटांचं काम. पिशवीसोबत अंडाशयंही काढली, तर याच वयात पाळी गेल्याचे सगळे त्रास सुरू होतात: अंगाची आग, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं. मोळी मग डोक्यावर कशी चढवणार? (पिशवी काढावीच लागते अशाही बायका असतात. पण आधी औषधं, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत.)

नवरा परत आल्यावर त्याला गोळ्यांचं सांगितलं, तर तो भडकला. “मला काय झालंय?” अर्धा तास त्यातच गेला. शेवटी वही उघडून ऑपरेशनचा खर्च उचलीत मांडून दाखवला, तेव्हा गप्प झाला.

तपासणीत कॅन्सरचं काही निघालं नाही. रक्त मात्र कमी, लोहाच्या गोळ्या लागल्या. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या सुमारास ती परत आली. पोटदुखी बरीच कमी होती, नवऱ्यानं गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या. हंगामात पाळीत दोनदा कोपीवर (झोपडीत) पडून राहिली. ते दोन्ही खाडे मुकादमानं कापले.